बागेतून रस्ता नाही

"मागून घेऊन जा. इथून नाही."

हे वाक्य मी माझ्या बापाच्या तिरडीखाली उभी राहून ऐकलं. पुढचा उजवा खांदा माझा होता. आप्पांना मुलगा नाही. मी एकटीच. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनीच सांगितलं होतं, पोरगीच खांदा देईल.

बोलणारा माणूस आवाज चढवून बोलला नाही. हात जोडले होते त्यानं. पांढरा टी-शर्ट, त्यावर 'माझं शहर, माझा अभिमान' छापलेलं. नगरपंचायतीचा साहेब. त्याच्या मागं लोखंडी गेट, गेटामागं नवी बाग. बागेत रविवार सकाळचा कार्यक्रम चालला होता. स्टेजवर एक मुलगी माइक लावून व्यायाम शिकवत होती आणि समोर बाया, पोरं, रिटायर माणसं गाण्यावर हात वर करत होती. एका बाजूला गावाच्या नावाची मोठमोठी रंगीत अक्षरं. त्यात मध्ये लाल बदाम. लोक तिथं फोटो काढत होते.

"लहान मुलं आहेत आत," साहेब म्हणाला. "त्यांनी हे बघायचं का? तुम्हीच सांगा."

हे म्हणजे माझा बाप.

गावाचं नाव लिहीत नाही. आई अजून तिथंच राहते. शिरूरहून दौंडकडं येताना रस्त्याच्या एका अंगाला नदी लागते, त्या नदीच्या काठाला आमची वस्ती. बौद्धांची घरं. मी लहान होते तेव्हा ते खेडं होतं. मग रांजणगावची कारखान्यांची वसाहत वाढत गेली. कारेगावात खोल्या मिळेनात तसे कामगार आमच्याकडं सरकले. कांद्याच्या रानात प्लॉटिंगचे बोर्ड लागले. तीन मजली, चार मजली इमारती. बिहारी पोरांच्या मेस, मोबाइलची दुकानं, दोन एटीएम. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. मग सगळे म्हणायला लागले, आता हे शहर आहे.

शहर म्हटल्यावर बाग पाहिजे. चालायचा ट्रॅक पाहिजे, बाकडी पाहिजेत, कारंजं पाहिजे. आमचं काही म्हणणं नव्हतं. आप्पा तर खूश होते. बागेच्या कामावर ते मजुरीला गेले होते, ट्रॅकचे ब्लॉक बसवायला. घरी येऊन आईला सांगायचे, "झाली की संध्याकाळी जाऊन बसू. तू आन् मी. लाइट हायती."

फक्त एक गोष्ट होती. बाग जिथं होत होती, तिथूनच वस्तीच्या स्मशानाची वाट जायची. गावाचं स्मशान वेगळं, वरच्या अंगाला, त्याला काँक्रीटचा रस्ता. आमचं नदीत उतरताना, चार खांबांवर पत्रा. वाट पायाखालची. कुणी बांधलेली नाही, कुठं नोंदलेली नाही. माझा आजा त्याच वाटेनं गेला, आजी गेली, चुलता गेला.

आप्पांनी कामावरच्या इंजिनियरला विचारलं होतं. "साहेब, आमची वाट?"

"राहील की आप्पा. बागेतनंच जाईल. उलट चांगली होईल, ब्लॉक टाकून."

आप्पांचा विश्वास बसला. ब्लॉक तर तेच टाकत होते.

बाग झाली. कुंपण झालं. दोन गेटं झाली, एक रस्त्याकडं आणि एक नदीकडं. नदीकडच्या गेटाला कायमचं कुलूप. आप्पा म्हणायचे, लागंल तवा उघडतील. लागायची वेळ त्यांच्यावरच पहिली आली.

शनिवारी छातीत दुखायला लागलं. दौंडला नेलं. रविवारी पहाटे अँब्युलन्समधून परत आणलं. मी कारेगावात खोली घेऊन राहत होते, रांजणगावात गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत लाइनवर. निरोप आला तसा मिळेल त्या टेम्पोनं दौंड गाठलं. पोचले तेव्हा आप्पांना पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं होतं.

घरी आणून अंघोळ घातली. पांढरं कापड. पंचशील झालं. मग आम्ही निघालो, नेहमीच्या वाटेनं. दुसरी वाट कुणाच्या मनातसुद्धा आली नाही.

आणि गेटावर साहेब.

मी म्हटलं, "साहेब, ही आमची वाट हाय."

"वाट होती. आता बाग आहे."

मग त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. बाईमाणूस तिरडीखाली बघून त्याला काय वाटलं कुणास ठाऊक. माझ्या डोक्यावरून मागं बघत म्हणाला, "पुरुष माणसं कुठायत? कुणी समजूतदार आहे का?"

गेटावर वॉचमन होते बबन मामा. आमच्याच वस्तीतले. आप्पांच्या बरोबरीचे. दोघं एका नदीत पोहायला शिकले, एका बैठकीत बसले, एका दिवशी शाळा सोडली. कंत्राटावर लागले होते. अंगावर निळा गणवेश, डोक्यावर टोपी. आप्पांची तिरडी बघून त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

साहेब त्यांना म्हणाला, "गेट लावा."

मामा हलले नाहीत.

"बबन, गेट लाव म्हटलं ना."

मामांनी गेट लावलं. कडी सरकवली. माझ्याकडं बघितलं नाही.

आमच्यातले जे म्हातारे पंचशील म्हणत होते ते माझ्या मागून म्हणाले, "चला रं. वाद नको. मेलेल्या माणसाची आबाळ नको." कुणीतरी हुंदका दिला. आई मागं होती, तिला अजून कळलंच नव्हतं आम्ही का थांबलो. गेटापुढच्या अरुंद रस्त्यावर तिरडी वळवायला जागा नव्हती. मोटारसायकली लावलेल्या. आम्ही बापाला उलटसुलट करत, कुणाच्या हँडलला बांबू घासत वळवलं. स्टेजवरचं गाणं त्यांनी कमी केलं होतं. बंद केलं नाही. बारीक आवाजात चालू ठेवलं.

आम्ही दहा पावलं गेलो असू. मागं पाण्याचा आवाज आला. मी मान वळवली. मानेवर बांबू होता तरी वळवली. बबन मामा पाइप घेऊन गेटापुढची जागा धूत होते. जिथं आम्ही उभे होतो ती. साहेब शेजारी उभा राहून दाखवत होता, इकडं पण मार, तिकडं पण.

ते बघितलं तेव्हा मला रडू आलं नाही. मला काहीच आलं नाही. मी पुढं बघितलं आणि चालायला लागले. माझे पाय चालत होते. हे सांगताना मला लाज वाटते की मी त्या वेळी तिरडी खाली ठेवली नाही, ओरडले नाही, कुणाचा टी-शर्ट धरला नाही. लोक विचारतात, तू काही बोलली कशी नाहीस? खांद्यावर बाप असताना माणूस काय बोलतं ते त्यांना माहीत नाही.

मागचा रस्ता म्हणजे रस्ता नाही. बायपासला जायचं, हायवेच्या कडेनं ट्रक चुकवत चालायचं, मोरीखालून ओढ्यात उतरायचं. मोरीखाली नवीन इमारतींचं सगळं घाण पाणी येतं. इमारती आल्या, गटारं आली नाहीत. पाइप सरळ ओढ्यात सोडलेत. उन्हाळा होता तरी गुडघाभर काळा चिखल. वास असा की तिरडीपुढं चालणारे दोघं थुंकत थुंकत चालले होते.

मध्यावर माझा पाय रुतला. तिरडी एका अंगाला कलली. आप्पा माझ्याकडं सरकले. त्यांचं डोकं कापडातून माझ्या कानाला लागलं. थंड. मी कसाबसा खांदा वर केला, मागून कुणीतरी बांबू उचलून धरला. पण कापडाचं एक टोक चिखलात लोळलं होतं.

आई धावली. तीही चिखलात, साडी वर खोचून. पदरानं ते कापड पुसायला लागली.

"राहू दे आई."

"असं कसं राहू दे," ती म्हणाली. "धुतलेलं कापड हुतं."

ती पुसत राहिली आणि ते जास्तच पसरत गेलं. आम्ही सगळे तसेच उभे. वरून हायवेच्या गाड्या चालल्या होत्या.

असा माझा बाप स्मशानात पोचला.

आप्पांच्या जलदान विधीच्या दिवशी बबन मामा आले. आत आले नाहीत. दाराबाहेर दगडावर बसले. मी पाणी घेऊन गेले.

"मला हाण पोरी," ते म्हणाले.

"मामा, तुम्हाला काय हाणू."

"त्यानं सांगितलं आन् मी धुतलं. माझ्याच हातानं."

मी तांब्या त्यांच्यापुढं ठेवला. मला त्यांचा राग आला होता. आजही थोडा आहे. त्यांचं काम गेलं असतं हे मला कळतं. तरी आहे.

कामावर परत गेले. लाइनवर वायरींचे गठ्ठे बांधायचे, टेप गुंडाळायची, पुढं सरकवायचं. शेजारी उभी राहणारी लातूरकडची पोरगी, मनानं चांगली. जेवणाच्या सुट्टीत मोबाइल पुढं करून म्हणाली, "तुमच्या गावात लई भारी बाग झालीय की. रविवारी जाऊ या, रील काढू." तिला काही माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. काय सांगायचं? माझ्या बापाला त्या बागेतून हाकललं, आणि तो तर मेलेला होता? मी म्हटलं, "जाऊ कधीतरी." मग ताटातला भात तसाच टाकून उठले.

दोन-तीन महिन्यांनी कळलं की शहराचा विकास आराखडा होतोय. नकाशा लावलाय, लोकांनी हरकती द्यायच्या, मग सुनावणी. मी हरकत दिली. सुट्टी टाकून सुनावणीला गेले. आई म्हणाली, मी पण येते.

मंगल कार्यालयाचा हॉल. पुढच्या खुर्च्यांवर प्लॉटिंगवाले, बिल्डर, दोन-तीन डॉक्टर. आम्ही मागं. पुण्याहून सल्लागार आला होता, त्यानंच बागेचं पण डिझाइन केलेलं. तरुण, गोड बोलणारा. पडद्यावर चित्रं दाखवली. नदीकाठी सायकल ट्रॅक, झाडांखाली बसलेली माणसं, फुगे घेतलेली मुलं. चित्रातली माणसं सगळी गोरी होती. म्हणाला, "शहर म्हणजे फक्त रस्ते आणि पाणी नव्हे. शहर म्हणजे आपलेपणा वाटेल अशा जागा."

माझी पाळी आली. मी उभी राहिले. नाव, आडनाव सांगितलं. आडनावावर पुढची दोन डोकी मागं वळली. मला त्याची सवय आहे.

मी सांगितलं, नदीकाठी आमचं स्मशान आहे, ते नकाशात नाही. त्याची वाट नाही.

सल्लागारानं पडद्यावर बोट ठेवलं. "इथं म्हणताय का? ही जागा आपण ग्रीन झोनमध्ये घेतली आहे. स्मशानभूमी नवीन प्रस्तावित आहे, बायपासच्या पलीकडे. गॅस दाहिनी. सर्व समाजांसाठी एकच. मला वाटतं तुम्हाला तर हे आवडायला हवं."

"कधी होणार?"

"फेज टूमध्ये."

"गावाचं जुनं स्मशान?"

नगरपंचायतीच्या साहेबाकडं त्यानं पाहिलं. साहेब म्हणाला, "ते सध्या आहे तसं राहील. त्याला रस्ता आहे ना."

"म्हंजी त्यांचं राहणार आन् आमचं जाणार."

"ताई, असं त्यांचं-आमचं करू नका," साहेब म्हणाला. "इथं सगळे नागरिक आहेत."

तेवढ्यात आई उठली. ती सभेत कधी बोललेली नाही. बचत गटाच्या बैठकीतसुद्धा ती बसून बोलते. ती हात जोडून म्हणाली, "साहेब, माझा मालक तितं जाळलाय. त्या जागेला तुम्ही हिरवा रंग दिलाय."

सल्लागार हसला. वाईट नाही, प्रेमानंच हसला. "आजी, हिरवा म्हणजे चांगलंच असतं."

हॉलमध्ये काही जण हसले. आई पण थोडं हसली. लोक हसल्यावर हसायचं ही आमची जुनी सवय. ते तिचं हसणं मी अजून विसरू शकलेले नाही.

सल्लागार मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमची भावना मी समजू शकतो. पण भावनेवर नकाशा होत नाही."

मला तेव्हा कळलं. तोपर्यंत माझी समजूत होती की आमची वाट चुकून राहिली. कुणाच्या लक्षात आलं नसेल, सांगितलं की नीट करतील. त्या हॉलमध्ये कळलं की सगळ्यांच्या लक्षात होतं. इंजिनियरच्या होतं, साहेबाच्या होतं, याच्याही होतं. आम्ही कुठं राहतो, कुठून जातो, आमचं पाणी कुठं आणि त्यांचं घाण पाणी कुठं, हे सगळं माहीत असूनच तो नकाशा काढला होता. बागेपलीकडचं प्रेत, धूर, आमची तोंडं दिसू नयेत हाच त्या बागेचा उपयोग होता. आणि ती बांधायला आमचीच माणसं घेतली होती.

सुनावणी संपली. चहा झाला. मग एकजण कॅमेरा घेऊन आला. सल्लागार म्हणाला, "लोकसहभागाचा फोटो घेऊ. महिला पुढे या." त्यांनी आईच्या हातात एक रोप दिलं, काळ्या पिशवीतलं. आई ते धरून मध्यभागी उभी. एका बाजूला साहेब, एका बाजूला सल्लागार. साहेबाच्या अंगावर तोच टी-शर्ट.

"या ताई, तुम्ही पण या," तो मला म्हणाला. मला त्यानं ओळखलं होतं की नाही, माहीत नाही. बहुतेक नाही.

"मी उभी राहणार न्हाई."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"न्हाई. माझी आई पण राहणार न्हाई."

मी पुढं गेले. आईच्या हातातलं रोप काढून खुर्चीवर ठेवलं. आईचा हात धरला. आई घाबरली होती, हळूच म्हणाली, "आगं, बोलवत्यात ना." मी म्हटलं, "चल." मागून साहेबाचा आवाज आला, "शिकल्या की असं होतं यांचं." कॅमेरेवाल्यानं फोटो काढला असणार. आमच्या जागी दुसऱ्या बाया उभ्या केल्या असणार.

एवढंच मी केलं. यानं काहीही बदललं नाही. आराखडा मंजूर झाला. माझ्या हरकतीवर शेरा आला, नोंद घेतली. बागेच्या गेटाला पाटी लागली, बागेतून रस्ता नाही. वकिलाकडं गेले, कलेक्टर ऑफिसला गेले. सगळीकडं माणसं चांगली बोलली. बसा म्हणाली. पुढच्या महिन्यात या म्हणाली.

मग पुढच्या पावसाळ्यात बबन मामांची आई वारली. ओढ्याला कमरेएवढं पाणी. मी वस्तीतल्या माणसांपुढं उभी राहिले. म्हटलं, आज गेटातून जाऊ. सगळे मिळून. किती जणांना अडवतील?

मग पंचशील म्हणणारे तेच म्हातारे म्हणाले, "पोरी, तुझं खरं हाय. पर आमची घरं नदीच्या पट्ट्यात हायती. उद्या अतिक्रमण म्हणून जेसीबी आणला तर कुठं जायाचं? तुला कारेगावला खोली हाय."

मी बबन मामांकडं बघितलं. त्यांची स्वतःची आई अंगणात होती. ते म्हणाले, "नको गं बाय. माझं काम जाईल." त्या दिवशी त्यांच्या जागी गेटावर दुसरा वॉचमन होता.

म्हातारीला टेम्पोत घालून नातेवाइकांच्या गावाला नेलं. मीही टेम्पोत बसले. त्यांचा राग करायचा तर कुणाकुणाचा करणार? ते खोटं बोलत नव्हते. आमच्याकडं गमावण्यासारखं जे थोडं आहे, तेच दाखवून आम्हाला गप्प ठेवतात.

त्यानंतर मी कारेगावची खोली सोडली. वस्तीत राहायला आले. कामावर जायला आता फार वेळ लागतो, बस दोनदा बदलावी लागते. पण मला परत कुणी असं म्हणू नये की तुला खोली आहे.

आई आता थकलीय. दम लागतो, पायावर सूज येते. परवा मी तिच्या पायाला तेल लावत होते. ती म्हणाली, "मला कासुर्डीला नेऊन ठेव. तुझ्या आत्याकडं. मरायचं ते तितंच मरंन. तितं स्मशानाला रस्ता चांगला हाय."

मी तेल लावत राहिले.

"माझ्यापायी भांडू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या आप्पांचं झालं ते झालं. मला तसं न्यावं लागलं तर तू वेडी हुशील."

"तू कासुर्डीला जाणार न्हाईस. तू हितूनच जाशील. गेटातून."

"खांदा कोण देईल? वस्ती येणार न्हाई."

"लाइनवरच्या पोरी येतील. इचारून ठेवलंय मी."

"माझ्या मरणाचं इचारून ठेवलंस?"

"व्हय."

आई छताकडं बघत राहिली. मला वाटलं, रडेल. रडली नाही.

"आन् त्यांनी गेट लावलं तर?"

"तर तिथंच खाली ठेवीन तुला. गेटापुढं. आन् शेजारी बसंन. उघडस्तवर उठणार न्हाई."

"ऊन लागंल तुला."

"लागू दे."